अंगठ्याच्या नखातले पाच महिने

१

"पुन्हा लसूण खाल्लात ना? कोण आणून देतं कोण जाणे. मी मेली इथे वाकून उशी सारखी करतेय आणि हे तोंडावर श्वास सोडतायत."

वहिनी हे पुटपुटली ते फक्त दादाला ऐकू जावं म्हणून. पण दवाखान्यातल्या दोन खाटांमधला पडदा कानांना अडवत नाही, आणि मी त्या पडद्याला पाठ लावूनच स्टुलावर बसले होते. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे श्वास तिच्या अंगावर जायला नको.

मला तिथेच खटकायला हवं होतं. दादाच्या घरात आठ वर्षं लसूण शिजलेला नाही. त्याला पोटात जळजळ होते म्हणून पाकळीसुद्धा येत नाही. आणि दवाखान्यातल्या जेवणाला चवच नसते, तर वास कुठून येणार?

थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला आणि थोरलीला बाहेर बोलावलं. थोरली म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. स्वभावाने बापावर गेलेली, आवाजाने कुणावरच नाही.

"केस मूठमूठ गळतायत," डॉक्टर म्हणाले. "नखांवर पांढरे पट्टे आलेत, एक तर मुळापासून निघालंय. उलट्या, हातापायांना मुंग्या, आणि तोंडाला लसणाचा वास. मला आर्सेनिकची शंका येतेय. तपासणीला पाठवलंय, रिपोर्टला आठ दिवस लागतील. तसं निघालं तर मला पोलिसांना कळवावं लागेल." ते जरा थांबले. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"सून," थोरली म्हणाली. तो एक शब्द तिने असा टाकला, की डॉक्टरांच्या वहीत त्याच्याखाली आपोआप रेघ ओढली गेली असती.

२

आता माझं सांगते. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शाळा अर्धवट सोडून बाटल्या धुवायला लागले, आणि धुता धुता शिकले. बावीस वर्षं माझ्याकडे सुकामेव्याचं टेबल आहे. बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते, हेझलनट, ब्राझील नट, जे येईल ते फोडायचं, कुटायचं, आम्लात विरघळवायचं आणि मशीनपुढे ठेवायचं. मग कळतं, कशात किती जस्त, किती तांबं, किती मँगनीज. सगळे मला 'खलबत्ता' म्हणतात. खरं तर माझा खल अकीक दगडाचा आहे. लोखंडी खलात कुटलं, तर लोखंड बदामाचं की खलाचं हे देवालाही सांगता येणार नाही.

त्या दिवशी मी दादाच्या घरी गेले. सूनबाई एकटीच होती, कपड्यांच्या घड्या घालत. एका बाजूला तिची स्वतःची बॅग उघडी होती.

"कुठे निघालीस?"

"आईकडे. ताईंनी फोनवर सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत मी घरात नसलेलं बरं."

"आणि तुझा नवरा काय म्हणाला?"

"ते काही म्हणाले नाहीत." तिने एका शर्टाची तिसऱ्यांदा घडी घातली. "तेच ना, आत्या."

माझा भाचा तसा वाईट नाही. दोन बायका भांडायला लागल्या की तो मोबाइल चार्जिंगला लावायला उठतो, इतकंच.

सूनबाईवर संशय घ्यायला थोरलीकडे कारण होतं. ही रंगीत काचेच्या कारखान्यात कामाला होती. दारंखिडक्यांच्या नक्षीच्या काचा बनवायची. तिथे काचेला रंग देणाऱ्या पुडींच्या बरण्या असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांवर कवटीचं चित्र असतं.

"तू स्वतःच्या बाजूने काही बोलत का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे बघत राहिली.

मीही बघितलं. गॅसची दोन्ही बटणं काढून वरच्या खिळ्याला टांगलेली होती. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, सूनबाईच्या अक्षरात: साखर. मीठ. कपड्यांचा सोडा, खायचा नाही.

"बटणं का काढलीस?"

"गॅस गळत होता."

"आणि चिठ्ठ्या?"

"माझ्याच सोयीसाठी," असं म्हणून तिने विषय बदलला. कपाटातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "आत्या, हे बाबांच्या अंगठ्याचं नख. चार दिवसांपूर्वी अख्खं निघालं. डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवलं होतं. आता मी दाखवलं तर म्हणतील, हिला आधीच कसं माहीत."

विष घालणारी बाई नख जपून ठेवत नाही, ते फेकून देते. पण हे मला पटून काय उपयोग? थोरलीला पटेल असं काहीतरी हवं होतं. मी पुडी पर्समध्ये टाकली आणि तिला म्हटलं, "आठ दिवस थांब. बॅग भरलेली असू दे, पण उचलू नकोस."

३

नख हे कॅलेंडर असतं. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि त्या महिन्यात अंगात जे गेलं त्याचा अंश धरून ठेवतं. टोकाकडचा भाग जुना, मुळाकडचा ताजा. दादाचं नख पंधरा मिलिमीटर लांब होतं, म्हणजे पाच महिने.

आमच्या विभागाच्या मॅडमना मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आपलं काम नाही." मग म्हणाल्या, "मी जेवायला चाललेय. तासभर लागेल." गेल्या खऱ्या, पण जाण्याआधी मशीन चालू करून गेल्या.

नख धुऊन, चिनी मातीच्या पात्याने मी त्याच्या दहा पट्ट्या केल्या. एक पट्टी म्हणजे पंधरा दिवस. याच अंगठ्याला धरून मी सायकल शिकले होते. दादा पुढून हँडल धरायचा आणि मी त्याचा अंगठा. मग एक दिवस त्याने तो काढून घेतला आणि मी पडले नाही.

मॅडम परत येऊन मशीनच्या पडद्यापुढे बसल्या.

"आर्सेनिक नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या नखात असतं तेवढंच आहे."

मी श्वास सोडला.

"पण हे बघ. सेलेनियम."

पहिल्या पट्टीत आकडा नेहमीचा होता. दुसरीत वाढला, तिसरीत आणखी, चौथी-पाचवीत चांगलाच. मग सहावीत एकदम खाली आला होता आणि सातवीतही कमीच होता, म्हणजे अडीच महिन्यांपूर्वीचे काही दिवस. आणि तिथून पुढे मुळापर्यंत वर, वर आणि वर.

सेलेनियम जगायला लागतं, पण चिमटीच्याही चिमटीएवढं. जास्त झालं की आर्सेनिकसारखीच सोंगं करतं. केस गळतात, नखं निघतात, श्वासाला लसणाचा वास येतो. डॉक्टरांनी लक्षणं बरोबर वाचली होती, फक्त नाव चुकलं होतं.

"कुणीतरी त्यांना हे रोज देतंय," मॅडम म्हणाल्या. "आणि मधले दोन-तीन आठवडे द्यायचं थांबलं होतं."

४

मी थोरलीला सांगितलं ते चुकलंच. दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तिने तिथेच मोबाइलवर शोधलं आणि तो माझ्या नाकापुढे धरला.

"वाच. तांबड्या काचेला रंग कशाने येतो? सेलेनियमने. आता बोल, आत्या."

"तांबड्या काचेच्या पुडीत सेलेनियमबरोबर कॅडमियम असतं," मी म्हटलं. "ती पूड पोटात गेली असती तर नखात कॅडमियमही दिसलं असतं. मॅडमनी तेही पाहिलं, वाढलेलं नाही. हे कारखान्यातून आलेलं नाही."

"मग नुसतं सेलेनियम चोरलं असेल. आणि मधेच थांबली ना? घाबरली असेल."

"अडीच महिन्यांपूर्वी," मी म्हटलं. "तेव्हा घरात काय चाललं होतं, आठवतंय?"

"तेव्हा मी कुठे होते इथे? आई माझ्याकडे होती, डोळ्याच्या ऑपरेशनला. तीन आठवडे. बाबांचं सगळं हीच एकटी…"

ती थांबली. ज्या तीन आठवड्यांत सूनबाई दादाजवळ एकटी होती, स्वयंपाक तिचा, चहा तिचा, गोळ्या तिच्या हातच्या, त्याच तीन आठवड्यांत आकडा खाली आला होता.

थोरलीने मोबाइल बंद केला. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला हवी होती. दिसली भीती.

"आई माझ्याकडे कशी होती?" मी हळूच विचारलं.

"छान होती. काय व्हायचंय तिला?" ती फार पटकन म्हणाली. "डोळा भरला नव्हता, म्हणून जरा गोंधळायची. नव्या घरात कुणीही गोंधळतं." आणि जिना उतरायला लागली. उतरताना पुन्हा म्हणाली, "कुणीही."

तिच्या खांद्याला वहिनीची पर्स होती, दवाखान्यातून घरी न्यायला दिलेली. चेन उघडी होती. आतल्या अस्तरावर कापडाचा तुकडा शिवलेला होता, आणि त्यावर न जाणाऱ्या शाईने थोरलीचा फोन नंबर.

मी जिन्यातच बसले. मनात माझ्या टेबलावरचे पदार्थ एकेक करून मोजायला लागले. बदामात सेलेनियम नावाला. अक्रोडात त्याहून कमी-जास्त. काजूत थोडं. आणि एक असा दाणा, की तो एकटाच दिवसाची गरज भागवून वर उरतो, आणि एकाच पिशवीतला एक दाणा दुसऱ्याच्या दसपटही असू शकतो, कारण ज्या मातीत त्याचं झाड उभं असतं, ती माती ते झाड पिऊन बसलेलं असतं.

ब्राझील नट. आणि ते त्या घरात नेऊन देणारी बाई मी होते.

५

पाच महिन्यांपूर्वी दादाला थकवा यायचा. मीच म्हटलं होतं, "वहिनी, रोज सकाळी दोन ब्राझील नट देत जा. दोनच हं, जास्त नाही." प्रयोगशाळेजवळच्या दुकानातून किलोची पिशवी मीच आणून दिली. संपली की ती म्हणायची, "वन्सं, दाणे संपले," आणि मी आणायची. किलोत दोनशेच्या वर दाणे बसतात. रोज दोन, म्हणजे एक पिशवी तीन महिन्यांहून जास्त पुरायला हवी.

मी पाच पिशव्या आणल्या होत्या.

कामावर मी नमुन्याचा एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देत नाही. घरच्या माणसांचं मात्र कोण वजन करतं?

वहिनी स्वयंपाकघरात होती. दवाखान्यातून तिला दुपारी घरी आणायचे, सूनबाई कामावरून रजा घेऊन सोबत असायची. मी खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, दादाला दाणे कोण देतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला जमतंय?" ती हसली. "रोज दोन, सकाळी चहाबरोबर. तुम्हीच सांगितलंत ना? एक दिवस चुकवला नाही. तुम्ही चहा घेणार?"

"घेईन."

सूनबाईने खिळ्यावरचं बटण काढून गॅसला लावलं. चहा झाला, मी प्यायले. वहिनीने थोरलीच्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली, बारीकसारीक सगळ्या तपशिलांसकट. कुठल्या रंगाचा फ्रॉक होता तेसुद्धा. मला वाटलं, उगाच शंका घेतेय मी.

"तुम्ही चहा घेणार ना?" वहिनी म्हणाली.

माझ्या हातात रिकामा कप होता.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. ती मला गप्प राहायला विनवत होती. जिच्यावर विष घातल्याचा आळ होता, ती मला विनवत होती, की हे बोलू नका.

"घेईन की," मी म्हटलं.

"आणि वन्सं, ते दाणे संपलेत बरं का."

फळीवरचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. झाकण काचेचं होतं.

"आणते," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. पाच महिने मी हेच म्हणत आले होते, डब्याकडे न बघता.

जाताना दारात सूनबाईला विचारलं, "तुला दाण्यांचं माहीत होतं?"

"नाही हो. मी सातला कामावर जाते, संध्याकाळी येते. माझ्यासमोर त्या फक्त एकदा देतात. आई इथे नव्हत्या तेव्हा आकडा उतरला, हे काल तुम्ही ताईंना सांगितलेलं ताईंनी यांना सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात आलं." ती थांबली. "पण मग मी कसं बोलणार? स्वतःला सोडवायचं म्हणजे त्यांना पुढे करायचं. त्या घाबरतील, आत्या. त्यांना वाटतं, अजून कुणाला कळलेलं नाही."

"अगं, डॉक्टर पोलिसांना कळवणार होते."

"रिपोर्टमध्ये आर्सेनिक येणार नव्हतंच ना," ती म्हणाली. आपण विष घातलेलं नाही, एवढाच तिचा बचाव होता, आणि त्यासाठी ती आठ दिवस तोंड मिटून सोसायला तयार होती.

६

आता एकच कोडं उरलं होतं. दादा काही विसरत नव्हता. मग तो खात का होता?

मी दवाखान्यात गेले तेव्हा तो जागा होता. डोक्यावर केस उरले नव्हते, लहानपणी उवांसाठी त्याचा गोटा केला होता तसा दिसत होता.

"दाणे," मी म्हटलं.

तो छताकडे बघत राहिला.

"तुला तर ते आवडतही नाहीत. साबण खाल्ल्यासारखं वाटतं म्हणायचास."

"अजून वाटतं."

"मग किती खायचास?"

"ती देईल तेवढे."

"दादा."

तो म्हणाला, "दोनच देते गं ती. सकाळचे दोन. फक्त तिची सकाळ दिवसातून पाच-सहा वेळा होते." त्याने ओठ ओले केले. "पहिल्यांदा मी म्हटलं, अगं, आत्ताच दिलेस. तेव्हा तिचा चेहरा असा झाला, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरीसारखा. दोन दिवस जेवली नाही. मग ठरवलं, खायचे. दोन दाण्यांनी काय होतंय?"

"फेकून द्यायचे होतेस, खिशात टाकायचे होतेस."

"उभी राहून बघते. मी चावून गिळेपर्यंत हलत नाही. म्हणते, तुमची तब्येत सुधारायला हवी." तो हसायला गेला आणि खोकला. "अंग बिघडलं ते दाण्यांनी, हे मला कुठे माहीत? ते तुला माहीत."

हे त्याने आरोप म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

"आता बंद करू," तो म्हणाला. "दाणे बाजारात मिळत नाहीत असं सांग तिला. पण बाकी काही बोलू नकोस. माझ्या गळ्याची शपथ."

"दादा, सूनबाईने बॅग भरलीय."

"का?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आजारी माणसाला त्रास नको म्हणून. आमच्या घरात त्रास नको म्हणून न सांगितलेल्या गोष्टींचा एक खण भरला असता. मी सांगितलं. थोरली काय म्हणाली, डॉक्टरांनी काय विचारलं, पोरगा कसा गप्प बसला, आणि ती पोरगी सगळं ओळखूनसुद्धा कशी काही बोलली नाही.

दादाने डोळे मिटले. नख नसलेला अंगठा त्याने मुठीत धरला.

"सगळ्यांना बोलाव," तो म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी सगळे आले. थोरली पायाशी उभी, तिचा धाकटा भाऊ खिडकीशी, सूनबाई दारात, अर्धी आत अर्धी बाहेर. वहिनी दादाच्या उशाशी, स्टुलावर.

मी नखाचं सांगितलं. आर्सेनिक नाही, सेलेनियम आहे. कारखान्यातलं नाही, ब्राझील नटांचं आहे. दाणे मी आणले. डॉक्टरांना सांगितलंय, दाणे थांबले की दादा सावरेल, नखं नवी येतील. सूनबाईचा यात काडीचा संबंध नाही.

"मग झालं तर," धाकटा म्हणाला. "आत्याच्या दाण्यांचा दोष. विषय संपला." तो मोबाइलला चार्जर शोधायला लागला.

"पण दोन दाण्यांनी असं होतं?" वहिनीने विचारलं. "मी रोज दोनच देत होते."

"होतं कधीकधी," थोरली पायांकडे बघत म्हणाली. "दाणेच जहाल असतील."

"आत्यांचं मशीनसुद्धा चुकत असेल, आई," सूनबाई दारातून म्हणाली. तिचा आळ आत्ता कुठे उतरला होता, आणि ती तो परत ओढून घ्यायला बघत होती.

वहिनीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थोरलीने पर्सची चेन लावली. धाकटा खिडकीतून खाली बघत राहिला. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीही चष्मा पुसायला काढला. बावीस वर्षं आकडे मोठ्याने वाचणारी बाई मी, पण ते वाक्य काही मला वाचता येईना.

"तुम्ही सगळे माझ्यापासून काय लपवताय?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता, बारीक झाला होता. "दोन दिले म्हणजे दोनच. मी मोजून देते. खोटं का बोलेन? हिनेच काहीतरी घातलं असेल." तिने दाराकडे बोट केलं.

सूनबाईने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं, आणि ते गिळताना दादाने पाहिलं.

तो कोपरावर उठायला लागला. मी धरायला गेले तर त्याने हाताने नको म्हटलं. एवढ्याशा उठण्याने त्याला धाप लागली. मग त्याने वहिनीचं ते वर उचललेलं बोट आपल्या हातात घेतलं, आणि हात खाली आणून चादरीवर ठेवला.

"तिने नाही घातलं," तो म्हणाला. "ती या घरातून कुठेही जाणार नाही. ती गेली तर तुला कोण सांभाळेल?"

"मला कशाला सांभाळायला हवंय?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. पाच महिने जे तो दाण्यांबरोबर गिळत आला होता, ते एकदाचं त्याच्या तोंडातून आलं, अगदी हळू, सवयीच्या प्रेमाने.

"अगं," तो म्हणाला, "तू विसरतेस."